होकारापासून नकारापर्यंत : एका शालेय संगीतनाट्याची पुनर्रचना आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय

नाट्यशिक्षणात प्रयोगाइतकेच महत्त्व प्रयोगानंतरच्या चिंतनालाही आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. विद्यार्थ्याने भूमिका करावी, तिच्याविषयी रोजनिशी लिहावी आणि आपल्या कामाची चिकित्सा करावी, अशी अपेक्षा ठेवली जाते. मात्र हे चिंतन नेमके कशाविषयी असावे, या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते. नटाने स्वतःच्या अभिनयाविषयी विचार करावा, की ज्या संहितेला आपण देह आणि आवाज दिला तिच्या न्याय-अन्यायाविषयीही करावा? १९३०-३१ मध्ये बर्लिनमध्ये घडलेला एक प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. तेथे विद्यार्थ्यांचे अभिप्राय वहीत पडून राहिले नाहीत, त्यांनी नाटकच बदलले.

हे नाटक म्हणजे बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचे 'देर यासागर', म्हणजे 'होकार देणारा'. त्याची वंशावळ तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला विशेष रोचक वाटेल. मूळ कृती 'तानिको' हे जपानी नो नाटक. आर्थर वेली यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १९२१ च्या आपल्या नो नाटकांच्या संग्रहात दिले. एलिझाबेथ हाउप्टमान यांनी त्या इंग्रजीवरून जर्मन संहिता सिद्ध केली आणि तिच्यावरून ब्रेख्त-वाइल यांची शालेय संगीतिका उभी राहिली. या प्रवासात जे गळाले तेच पुढे निर्णायक ठरले. मूळ नाटकात पर्वतयात्रेला निघालेले साधक आजारी पडलेल्या मुलाला रूढीनुसार दरीत लोटतात, परंतु अखेरीस प्रार्थनेच्या बळावर दैवी शक्ती त्याला पुन्हा जिवंत करते. वेलींनी आपले भाषांतर मुलाला दरीत लोटण्यापाशीच थांबवले. त्यामुळे जर्मन लेखकांच्या हाती आली ती पुनरुज्जीवन नसलेली कथा. श्रद्धेच्या चौकटीत ज्या मृत्यूला उत्तर होते, तो मृत्यू आता उघडा पडला. भाषांतरातील एक वगळणूक पुढच्या कृतीचा नैतिक पेच कसा निर्माण करते, याचे इतके स्वच्छ उदाहरण सहसा सापडत नाही.

ब्रेख्तच्या पहिल्या संहितेत यात्रेच्या जागी शिक्षकाची अभ्यासमोहीम आली. आजारी आईसाठी औषध आणावे म्हणून मुलगा तिच्यात सामील होतो, वाटेत स्वतःच आजारी पडतो आणि पुरातन रूढी पुढे उभी राहते. आजाऱ्याला दरीत टाकायचे, पण त्याआधी त्याची संमती विचारायची, आणि त्याने होकारच द्यायचा. मुलगा होकार देतो. २३ जून १९३० रोजी बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांनीच हा पहिला प्रयोग केला. संमती देणे शिकले पाहिजे, असे आरंभीचे समूहगान सांगते, आणि येथेच वादाची ठिणगी होती. कार्ल थीमे यांच्यासारख्या धार्मिक वृत्तीच्या समीक्षकाने या नाटकाची प्रशंसा केली. डावीकडच्या फ्रांक वार्शाउअर यांनी या होकारालाच आपला नकार कळवला. त्यांना त्यात आंधळ्या आज्ञापालनाचे शिक्षण दिसले. लेखकाला नको असलेली स्तुती नको असलेल्या दिशेने यावी, ही परिस्थिती कोणत्याही नाटककाराला अस्वस्थ करणारीच होय.

परंतु ब्रेख्तने प्रतिसाद दिला तो प्रामुख्याने वर्गातल्या चर्चेला. बर्लिनच्या नॉयक्योल्न भागातील कार्ल मार्क्स शाळा फ्रिट्स कार्झेन यांच्या नेतृत्वाखाली शिक्षणसुधारणेसाठी प्रसिद्ध होती. या शाळेत वेगवेगळ्या वयाच्या विद्यार्थ्यांबरोबर नाटकाची चर्चा झाली आणि तिची टिपणे ठेवली गेली. त्यांतील प्रश्न नाट्यशास्त्रीय नव्हते, अगदी रोखठोक होते. मुलाला सोबत नेता आले नसते का? सगळे मागे का फिरले नाहीत? या मृत्यूने जे साधते ते त्या किमतीला साजेसे आहे का? ज्येष्ठ समीक्षक 'संमती' या संकल्पनेवर वाद घालत असताना मुलांनी घटनेची व्यवहारी तपासणी केली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

या टिपणांचा काही भाग ब्रेख्तने १९३१ मध्ये 'फेरझूख' या आपल्या पुस्तिकामालेत नाटकासोबत छापला आणि संहितेची दुहेरी पुनर्रचना केली. 'होकार देणारा'च्या नव्या रूपात शहरात साथ पसरली आहे आणि मोहीम औषध आणण्यासाठीच निघाली आहे. सोबती मुलाला अरुंद कड्यावरून पलीकडे नेण्याचा प्रयत्न करून पाहतात. मृत्यूमागे आता रूढीपेक्षा निकडीचे कारण येते. दुसरीकडे 'देर नाइनसागर', म्हणजे 'नकार देणारा', हे नवे नाटक जुन्या संहितेला पुष्कळसे धरूनच चालते, पण मुलगा नाही म्हणतो. प्रत्येक नव्या परिस्थितीत नव्याने विचार करण्याची रूढी हवी, असा त्याचा आग्रह असतो, आणि सगळे त्याला घेऊन परततात. शक्य असेल तर दोन्ही नाटके एकमेकांवाचून करू नयेत, अशी ब्रेख्तची सूचना होती. वाइलने 'नकार देणारा'ला संगीत दिले नाही. परिणामी संगीतिकेच्या रंगमंचावर बहुधा एकटा होकारच ऐकू येतो, ही या कृतीच्या नशिबातली विसंगती म्हणावी लागेल.

ब्रेख्तच्या या प्रकाराला मराठीत 'बोधनाट्य' म्हणण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. बोध हा प्रेक्षकाला द्यायचा असतो, येथे शिकायचे ते करणाऱ्याने. असे नाटक पाहण्यापेक्षा करण्यातून शिकवते, तत्त्वतः त्याला प्रेक्षकाची गरजच नाही, ही ब्रेख्तची भूमिका राइनर श्टाइनवेग यांनी १९७२ मध्ये साधार मांडली. आज मुलगा झालेल्याने उद्या शिक्षक व्हावे, परवा समूहात उभे राहावे. संमती मागणारा आणि देणारा या दोन्ही जागा शरीराने अनुभवल्यावर जो प्रश्न पडतो, तो केवळ वाचनाने पडेलच असे नाही.

स्तानिस्लाव्हस्कीच्या पद्धतीशी तुलना केली म्हणजे भेद स्पष्ट होतो. १९३६ साली इंग्रजीत आणि १९३८ साली रशियनमध्ये आलेला त्याचा ग्रंथ कोस्त्या नावाच्या विद्यार्थ्याच्या रोजनिशीच्या रूपात आहे. ऑथेल्लोची भूमिका करू पाहणारा कोस्त्या पहिल्या प्रयोगात गडबडतो, एका क्षणी मात्र त्याचा उद्गार खरा उमटतो, आणि गुरू तोर्त्सोव्ह तो क्षण नेमका दाखवून देतो. के. नारायण काळे यांच्या 'अभिनयसाधना' या अनुवादामुळे ही रोजनिशी मराठी नटांच्याही परिचयाची झाली. या प्रकारच्या चिंतनाचे मोल मोठे आहे. तरीही ऑथेल्लोने डेस्डिमोनाला मारावे का, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. शिवाय ही रोजनिशी विद्यार्थ्याची नव्हे, गुरूने विद्यार्थ्याच्या नावाने लिहिलेली आहे. नॉयक्योल्नची टिपणे खऱ्या विद्यार्थ्यांची होती, परंतु त्यांतून निवड केली ती ब्रेख्तनेच, हेही नोंदवणे प्राप्त आहे. विद्यार्थ्याचा आवाज छापील पानावर येतो तेव्हा मधे कोणीतरी उभे असतेच.

भारतीय वाचकाला येथे आदिपर्वातील एकलव्य आठवेल. गुरूने अंगठा मागितला आणि शिष्याने दिला. संमती विचारली गेली आणि मिळालीही. ती कथा रंगमंचावर आणणाऱ्या विद्यार्थ्याला आपण काय विचारतो? अंगठा कापतानाची वेदना दिसली की नाही, एवढेच? मराठी रंगभूमीने ब्रेख्तला आपलेसे केले ते मोठ्या नाटकांच्या रूपांतरांतून : व्यंकटेश माडगूळकरांचे 'देवाजीने करुणा केली', चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'अजब न्याय वर्तुळाचा', पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा'. शिक्षणनाट्ये त्या तुलनेने बाजूला राहिली. ती करायला मोठे नाट्यगृह लागत नाही. एक वर्ग लागतो, आणि नकार ऐकून संहिता बदलण्याची तयारी असलेला शिक्षक लागतो. कार्झेन यांना १९३३ च्या फेब्रुवारीत, नात्सी सत्तेवर येताच, शाळेतून दूर करण्यात आले.