विश्लेषण : नदीचेच नाव कलाकृतीला का?

‘तितास’ आणि ‘सुवर्णरेखा’ ही नद्यांची नावे. तीच ऋत्विक घटक यांच्या दोन चित्रपटांतही आहेत. असे का?

तितासचे महत्त्व काय?
ही नदी बांगलादेशातील ब्राह्मणबाडिया जिल्ह्यातली. तिच्या काठच्या मालो या मच्छीमार समाजात अद्वैत मल्लबर्मन यांचा जन्म १९१४ मध्ये झाला. ‘तितास एकटि नदीर नाम’ (तितास एका नदीचे नाव) ही त्यांची कादंबरी. १९५१ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले. पुस्तक १९५६ मध्ये आले, तर घटक यांचा चित्रपट १९७३ मध्ये. कथेत नदी आटते, तसा मासेमारीवर जगणारा समाजही विस्कटतो. त्यामुळे शीर्षकाचा मान कोणा नायकाला नाही, नदीला.

सुवर्णरेखेचे काय?
रांचीजवळ उगम पावून ही नदी बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या वाळूत सोन्याचे कण सापडतात. १९६५ च्या चित्रपटात फाळणीने बेघर झालेली भावंडे तिच्या काठी नवे घर शोधतात, पण नावातले सोने त्यांच्या वाट्याला येत नाही.

मराठीत उदाहरण आहे?
निखिल महाजन दिग्दर्शित ‘गोदावरी’. नाशिकच्या घाटावरची नदी तिथे पात्रच ठरते.