गाठ साधी, पण जागा?

‘गाठ कॅन्सरची नाही’ असा अहवाल आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मोठ्या आतड्याच्या बाबतीत मात्र तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही; तिथे गाठीचा आकार आणि जागाही तितकीच महत्त्वाची. लायपोमा ही चरबीची गाठ त्वचेखाली वर्षानुवर्षं निरुपद्रवी राहते. मोठ्या आतड्यात ती बहुधा उजव्या बाजूला, आतल्या अस्तराखाली वाढते आणि पन्नाशी-साठीनंतर सापडते. २ सेंटिमीटरहून लहान असेल तर सहसा जाणवतही नाही. ४ सेंटिमीटरच्या पुढे मात्र बहुतेकांना त्रास होतो. आतडं अन्नासारखीच या गाठीलाही पुढे रेटतं, तिच्याबरोबर भिंतही ओढली जाते आणि सदऱ्याची बाही आत जावी तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. हेच इंटससेप्शन. वाट बंद होते, शिरलेल्या भागाचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि उशीर झाला तर तो भाग सडतो.

प्रौढांच्या आतड्यातल्या अडथळ्यांपैकी जेमतेम १ ते ५ टक्के इंटससेप्शनमुळे होतात. मग एवढी चिंता कशाला, असं कोणी विचारेल. चिंता त्याच्या फसव्या चालीची आहे. शिरलेला भाग पुष्कळदा आपोआप मागे सरकतो, कळ थांबते आणि ‘गॅस’ म्हणून महिने निघून जातात. प्रत्येक पोटदुखीला सीटी स्कॅन नको, हे खरंच. पण तीच कळ पुन्हा पुन्हा येत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर तो हवाच. चरबीची गाठ त्यात बहुधा ओळखू येते.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: गाठ साधी, तर आतडं कशाला कापायचं? लहान मुलांत बहुतेकदा ठोस कारण नसतं, म्हणून हवा किंवा द्रव सोडून आतडं सोडवता येतं. प्रौढांत सुमारे ९० टक्के वेळा कारण सापडतं आणि मोठ्या आतड्यात निम्म्याहून अधिक वेळा ते कॅन्सरच असतं. त्यात लायपोमाचं टोक घासून जखम झाली की तोही कॅन्सरसारखा दिसतो. निदान पक्कं असेल तर शल्यविशारद कमी कापतात. शंका उरली तर तो भाग काढणंच योग्य.

पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वारा आणि शौच दोन्ही थांबले, तर घरी एरंडेल किंवा जुलाबाची गोळी देऊ नका. त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा.