बुजऱ्या घोड्याची नवी वाट

माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्याच्या पुढे लाल मातीच्या चढउतारांवरून माणसे नेण्याचे काम घोडे करतात. वाटेत उघडी पडलेली मुळे, पावसाने पाडलेले चर, फांदीवरून उडी मारणारी माकडे, पर्यटकांच्या हातातल्या फडफडत्या पिशव्या. यातून घोडा न बुजता चालतो, तेव्हा तो जात्याच गरीब असावा असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात हे धैर्य त्याला शिकवावे लागते.

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ ३५० अंशांतले दिसते. पण कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग नजरेबाहेर राहतो. उन्हातून सावलीत गेल्यावर त्याची नजर माणसापेक्षा सावकाश स्थिरावते. म्हणून वाटेवरच्या गडद सावलीपाशीही तो अडतो, मान खाली घालतो, नाकपुड्या फुलवतो. हा हट्ट नव्हे. तो अंदाज घेत असतो. जाताना एका बाजूने पाहिलेला दगड येताना त्याला वेगळाच दिसू शकतो. त्यामुळे प्रत्येक अडथळा दोन्ही बाजूंनी दाखवावा लागतो.

शिक्षण पाठीवर बसून नव्हे, जमिनीवर उभे राहून सुरू करावे. मोरकी आणि लांब दोरी लावलेला घोडा इशाऱ्यावर चालू, थांबू आणि मागे सरू लागला की मगच अडथळे आणावेत. शिकवणाऱ्याने त्याच्या खांद्याजवळ, थोडे बाजूला राहावे. दचकलेला घोडा समोरच्याच्या अंगावर येऊ शकतो. दोरी हाताला कधीही गुंडाळू नये. खरे कसब आहे ते ताण सोडण्याच्या वेळेत. घोड्याने अर्धे पाऊल पुढे टाकले तरी त्याच क्षणी दोरी सैल व्हावी. काय केल्याने ताण सुटला, हेच तो लक्षात ठेवतो.

पहिला अडथळा म्हणजे जमिनीवर ठेवलेला एकच वासा, घरंगळणार नाही असा टेकू दिलेला. तो सहज ओलांडला की तीन-चार वासे साधारण ८० ते ९० सेंटिमीटर अंतरावर मांडावेत. चालीच्या घोड्याला हे अंतर सोयीचे पडते; दुडकीसाठी ते सव्वा मीटरच्या आसपास न्यावे, आणि घोड्याच्या उंचीप्रमाणे थोडे कमी-जास्त करावे. यातून त्याला पाय उचलून, बघून टाकायची सवय लागते. मग ताडपत्री: आधी घडी घालून अरुंद पट्टी, कडांवर वजन, मग हळूहळू उलगडत न्यायची. त्यानंतर जाड फळ्यांचा बुटका, भक्कम पूल, कारण टापांखालच्या पोकळ आवाजालाच अनेक घोडे घाबरतात. पाणी शेवटी. पाण्याची खोली घोड्याला वरून कळत नाही, म्हणून टणक तळाचे उथळ पाणी निवडावे आणि शक्यतो एक अनुभवी घोडा पुढे ठेवावा.

घाबरलेल्या घोड्याला चाबूक मारू नये, हे ग्रीक सेनानी झेनोफॉनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवले आहे. ज्या वस्तूला तो बुजतो तिला आपण स्वतः हात लावून दाखवावा, आणि त्याला हळुवारपणे तिच्याजवळ न्यावे, असे त्याने सांगितले. मार बसला की त्या वस्तूच्या भीतीत वेदनेची भर पडते.

अंगणातले धडे पक्के झाल्यावरच डोंगरवाट. पहिली रपेट छोटी, ओळखीच्या रस्त्याची, शांत सोबती घोड्याबरोबर असावी. तीव्र उतारावर त्याला सरळ आणि सावकाश उतरू द्यावे. आडवे वळवले तर मागचे पाय घसरू शकतात. मान सैल सुटली, श्वास मोकळा झाला, की धडा तिथेच संपवावा. आणखी एक फेरी घेण्याचा मोह शिकवणाऱ्याला होतो, पण थकलेला घोडा चुकतो आणि ती चूकच उद्यापर्यंत लक्षात ठेवतो. एखाद्या दिवशी तो ताडपत्रीपर्यंत जाऊन नुसता हुंगून परतला, तरी ते त्या दिवसाचे पूर्ण काम मानावे. पाठीवर माणूस घेऊन अरुंद कड्यावरून जाणाऱ्या जनावराला एवढा वेळ देणे हे त्याचे देणे आहे, आणि आपल्या सुरक्षिततेचीही तीच पहिली अट आहे.