दुर्गम भागातील रासायनिक आपत्ती व प्रथम प्रतिसादकांची माहितीसाधने : जव्हार–मोखाडा परिसराच्या संदर्भात

बीजशब्द : रासायनिक आपत्ती, प्रथम प्रतिसादक, धोकादायक मालवाहतूक, जव्हार, मोखाडा

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्यात एकीकडे तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, तर दुसरीकडे जव्हार व मोखाडा हे आदिवासीबहुल डोंगराळ तालुके आहेत. तारापूर परिसरात ११ जानेवारी २०२० रोजी झालेला स्फोट आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी झालेली वायुगळती या दोन्ही घटनांत जीवितहानी झाली. त्यामुळे रासायनिक आपत्ती म्हटली की कारखाना डोळ्यांसमोर येतो. परंतु रसायने कारखान्याच्या आवारातच राहत नाहीत. ती रस्त्यानेही प्रवास करतात. त्र्यंबकेश्वर–मोखाडा–जव्हार–विक्रमगड–मनोर हा मार्ग नाशिक परिसराला मुंबई–अहमदाबाद महामार्गाशी जोडतो. या घाटमार्गावर एखादा टँकर उलटल्यास तेथे प्रथम पोहोचणाऱ्या व्यक्तीस कोणती साधने उपयोगी पडतील, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कायदेशीर चौकट

१९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा व स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्ती गटांची तरतूद केली. त्यांपैकी स्थानिक गटांची रचना औद्योगिक क्षेत्र गृहीत धरून केलेली आहे. साहजिकच कारखाने नसलेल्या घाटातील गावांपर्यंत ही तयारी आपोआप पोहोचत नाही. तेथे प्रथम प्रतिसादक म्हणजे बहुधा पोलीस कर्मचारी, १०८ रुग्णवाहिकेवरील डॉक्टर, पोलीस पाटील किंवा पाड्यावरील तरुण होय. त्यांच्यापैकी कोणीही रसायनतज्ज्ञ असेलच असे नाही.

वाहनावरील माहिती

सर्वांत जवळचे साधन वाहनावरच असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२९ ते १३७ धोकादायक मालाच्या वाहतुकीसंबंधी आहेत. त्यानुसार वाहनावर आपत्कालीन माहितीचा फलक, तर चालकाच्या कक्षात ‘ट्रेम कार्ड’ असणे आवश्यक आहे. फलकावरील चार अंकी ‘यूएन क्रमांक’ रसायनाची ओळख पटवितो. उदा. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरिन, १२०३ म्हणजे पेट्रोल. त्यासोबत दिला जाणारा ‘हॅझकेम’ संकेत कृती सांगतो. क्लोरिनच्या ‘२एक्सई’ या संकेतात ‘२’ म्हणजे पाण्याचा बारीक फवारा. ‘एक्स’ म्हणजे संरक्षक वेश व श्वसनयंत्र वापरावे आणि गळती नाल्यात जाऊ न देता अडवावी. ‘ई’ म्हणजे लोकांना हलविण्याचा विचार करावा. मात्र हा फलक दुरूनच वाचावयाचा असतो. तो वाचण्यासाठी ढगात शिरणे म्हणजे मदतनिसानेच बळी होणे.

मार्गदर्शिका व संगणकीय साधने

अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्या परिवहन यंत्रणांनी तयार केलेली ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक’ ही पुस्तिका जगभर वापरली जाते. तिची २०२४ ची आवृत्ती उपलब्ध आहे. पिवळ्या पानांत क्रमांकावरून, तर निळ्या पानांत नावावरून रसायन शोधता येते आणि नारिंगी पानांत प्रत्यक्ष कृती दिलेली असते. पदार्थ अज्ञात असल्यास १११ क्रमांकाची मार्गदर्शिका सर्व दिशांनी किमान १०० मीटर परिसर मोकळा करण्यास सांगते. पेट्रोलचा टँकर आगीत सापडल्यास हे अंतर ८०० मीटर होते.

‘वायझर’ ही अमेरिकी वैद्यक ग्रंथालयाची प्रणाली २०२३ मध्ये बंद झाली. ‘कॅमिओ केमिकल्स’ हे साधन मात्र भ्रमणध्वनीवर संपर्कजाळ्याविना चालते. डोंगराळ भागात हा गुण निर्णायक ठरतो.

साधनांच्या मर्यादा

‘अलोहा’ ही प्रणाली विषारी ढग किती दूर पसरेल याचा अंदाज देते. परंतु ती भूभाग सपाट आहे आणि वारा एकाच दिशेने वाहतो, असे गृहीत धरते. मंद वाऱ्यात तिचे अंदाज विश्वासार्ह राहत नाहीत. जव्हार–मोखाड्याचा भूगोल नेमका याच्या उलट आहे. क्लोरिन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने तो उताराने खाली उतरून खोलगट भागात साचतो. पाडे, विहिरी व ओढेही तेथेच असतात. अशा वेळी पडद्यावरील आकृतीपेक्षा ‘वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस व उंचावर जा’ हा साधा नियम अधिक भरवशाचा ठरतो. आणि दरीतील हवा सायंकाळनंतर कोणीकडे वाहते हे स्थानिक माणसाइतके कोणासही ठाऊक नसते.

दुसरा प्रश्न पाण्याचा आहे. हा परिसर वैतरणा व तिच्या उपनद्यांचा आहे. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला पुरविले जाते. म्हणून सांडलेले रसायन पाण्याने धुऊन टाकणे हा उपाय सरसकट योग्य नाही; पुष्कळदा मातीचा बांध घालून ते अडविणे श्रेयस्कर असते.

तिसरा अडसर भाषेचा. उपरोक्त साधने प्रामुख्याने इंग्रजीत आहेत, तर पाड्यांवर वारली, कोकणा व कातकरी समाजांच्या बोली चालतात.

निष्कर्ष

माहितीची साधने उपलब्ध आहेत. ती योग्य हाती, योग्य भाषेत व योग्य क्षणी पोहोचणे ही खरी समस्या आहे. नेहमीच्या दहा-बारा रसायनांचे क्रमांक, सुरक्षित अंतर व ११२ हा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक असलेला एक पानी मराठी तक्ता प्रत्येक पोलीस चौकीत, आरोग्य केंद्रात व ग्रामपंचायतीत लावता येईल. महाविद्यालयांचे रसायनशास्त्र विभाग त्याची शास्त्रीय तपासणी, भूगोल विभाग घाटातील खोलगट वस्त्यांचे नकाशे आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक त्याचा बोलीभाषेतून प्रसार करू शकतात. तज्ज्ञ पथक घाट चढून येईपर्यंतचा काळ स्थानिकांनाच निभावून न्यावा लागतो. त्या काळासाठी त्यांना सज्ज करणे हे शिक्षणसंस्थांच्या आवाक्यातील काम आहे.