जुन्या युरोपीय सुवर्णनाण्यांचे मोल : पुतळी, गिनी आणि हिशेब

गोवा, बेळगाव, हैदराबाद या भागांतील अनेक जुन्या घरांत दागिन्यांच्या डब्यात एखादे परदेशी सोन्याचे नाणे आढळते. कोणी त्याला गिनी म्हणतो, कोणी पुतळी, कोणी अशरफी. तरक्याची (वारशाची) वाटणी किंवा लग्नकार्य निघाले की ते नाणे सराफाच्या काट्यावर जाते आणि सराफ सांगेल तीच त्याची किंमत ठरते. वास्तविक हा हिशेब शाळेत गुणाकार शिकलेल्या कोणालाही करता येतो. तो कसा करावा, हे प्रस्तुत लेखात पाहू.

नावांची ओळख

मोल ठरविण्याआधी नाणे कोणते, हे ओळखले पाहिजे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२८४ साली डुकाट हे सुवर्णनाणे पाडण्यास प्रारंभ केला. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. नेपोलियनने १७९७ साली ते राज्य संपवीपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षे, त्याचे वजन व कस जवळपास तसाच राहिला. त्यामुळेच पूर्वेकडील व्यापारात त्याची पत मोठी होती. त्याच्या एका बाजूस संत मार्क व त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती, तर दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी वेढलेला येशू ख्रिस्त असतो. या मानवाकृतींवरूनच मराठीत त्याला ‘पुतळी’ हे नाव पडले असावे. पुतळ्यांची माळ हा दागिना याच परंपरेतला होय.

या नाण्याचे दुसरे नाव ‘झेक्किनो’. ते व्हेनिसच्या टांकसाळीच्या ‘झेक्का’ या नावावरून आले, आणि ‘झेक्का’ हा शब्द अरबी ‘सिक्का’चेच रूप आहे. मिसरचा सुलतान अल्-अशरफ बर्सबाय याने १४२५ साली डुकाटच्याच वजनाच्या सुमाराचे नाणे पाडले. त्याच्या उपाधीवरून ‘अशरफी’ हा शब्द रूढ झाला. पुढे गोव्यातील पोर्तुगीज चलनाचे ‘शेराफिन’ हे नावही याच शब्दावरून पडले. सोन्याचा कस मोजण्याचा ‘कॅरट’देखील अरबी ‘कीरात’वरून आलेला आहे. युरोप आणि अरब जगत यांच्यातील देवघेवीची साक्ष हे शब्द आजही देतात.

आपल्याकडे ज्याला सरसकट गिनी म्हणतात, तो बहुधा ब्रिटिश सॉव्हरिन असतो. खरी गिनी १६६३ ते १८१४ या काळात पाडली गेली. आधुनिक सॉव्हरिन १८१७ पासूनचा. १९१८ साली तो मुंबईतही पाडला गेला. त्यावर सालाच्या आकड्याजवळ ‘आय’ हे छोटे रोमन अक्षर असते.

धातूचे मोल

सूत्र सोपे आहे : वजन गुणिले शुद्धता गुणिले शुद्ध सोन्याचा दर. सॉव्हरिनचे वजन ७.९८८ ग्रॅम व कस २२ कॅरट, म्हणजे शुद्ध सोने ७.३२२ ग्रॅम. फ्रान्सच्या २० फ्रँकचे वजन ६.४५ ग्रॅम, शुद्धता हजारी ९०० व शुद्ध सोने ५.८१ ग्रॅम. ऑस्ट्रियाच्या डुकाटात शुद्ध सोने ३.४४ ग्रॅम. हिशेबाच्या सोयीसाठी शुद्ध सोन्याचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरला, तर सॉव्हरिनमधील सोने ७३,२२० रुपयांचे होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सराफाने २२ कॅरटचा दर सांगितला असेल, तर नाण्याचे पूर्ण वजन धरावे. त्या दरात कसाची वजावट आधीच झालेली असते. शुद्ध वजन धरून पुन्हा २२ कॅरटचा दर लावला, तर एकच वजावट दोनदा होते आणि वरील उदाहरणात सुमारे ६,१०० रुपयांचा फटका बसतो.

नाण्याला कडी बसविलेली असेल, तर कडी व डाख यांचे वजन वेगळे धरावे. झिजलेले नाणे प्रत्यक्ष वजनावरच मोजावे. सॉव्हरिनचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो. वजन बरोबर पण आकार मोठा वा जाडी अधिक दिसली, तर हलका धातू असल्याचा संशय घ्यावा. पुतळ्यांच्या बाबतीत तर भारतात घडविलेल्या अनुकृतीही पुष्कळ आहेत. त्यांचा कस गृहीत न धरता तपासून घ्यावा.

संग्राहकाचे मोल

धातूचे मोल ही नाण्याची किमान किंमत होय. त्यावरील किंमत दुर्मीळपणा, साल, टांकसाळ व अवस्था यांवर ठरते. राजत्याग केलेल्या आठव्या एडवर्डचा १९३७ सालचा सॉव्हरिन २०२० साली १० लाख पौंडांना विकला गेला. त्यातील सोने मात्र इतर सॉव्हरिनइतकेच! उलट, ऑस्ट्रियाचा १९१५ साल कोरलेला डुकाट पुढेही त्याच सालाने पाडला जात राहिला. म्हणून केवळ साल जुने दिसले की नाणे दुर्मीळ, असे समजू नये. कडी जोडलेले, घासून चकचकीत केलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने उतरते. यास्तव जुने नाणे कधीही घासू नये.

वाटणी आणि कायदा

वाटणीत नाणी नगावर मोजली, तर अन्याय होतो. एका बहिणीला पाच गिन्या व दुसरीला पाच पुतळ्या दिल्या, तर पहिलीकडे सुमारे ३६.६ ग्रॅम आणि दुसरीकडे सुमारे १७.४ ग्रॅम शुद्ध सोने जाते. संख्या समान, हिस्सा निम्म्याहून कमी.

शंभर वर्षांपूर्वीचे नाणे १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपत्ती कायद्यान्वये पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीस ते परदेशी पाठविता येत नाही. जमिनीत सापडलेल्या नाण्यांची माहिती १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

तेव्हा नाणे भट्टीत जाण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, वजन, व्यास व साल टिपून ठेवावे आणि जाणकार नाणेतज्ज्ञाचे मत घ्यावे. वितळलेल्या नाण्याचे सोने हाती उरते, पण त्यावरचा छाप आणि त्या छापाचे मोल परत मिळत नाही.