शाळेसाठी मागताना जीभ का अडखळते?



या पानावर आम्ही नेहमी बेणेबदल, पाचट कुजविणे, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असे विषय घेतो. या वेळचा विषय जरा निराळा आहे. लागणीच्या नोंदी आणि प्लॉट पाहणीसाठी आम्हाला गावोगाव फिरावे लागते, आणि पुष्कळदा बैठक भरते ती जिल्हा परिषद शाळेच्या ओट्यावर. उसाचे बोलणे संपले की गाडी शाळेवर येते. पत्रे गळतात, कुंपण नाही, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही. सगळे पोटतिडकीने बोलतात. "मग पालकांनी मिळून वर्गणी का करीत नाही?" असे विचारले, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

"साहेब, काम पटतंय, पण मागायचं कुणी?" हे उत्तर आम्ही गोदाकाठच्या गावांत ऐकले आणि डोंगराकडच्या वाड्यांतही ऐकले. कोणी म्हणतो, "भाऊकीत मागितलं की उद्या बोलून दाखवतेत." कोणी म्हणतो, "सरकारची शाळा, सरकार बघंल." एखादा हळूच सांगतो, "मागच्या खेपंचा हिशोबच कुणी दिला नाही." पालकांच्या बैठकीत हा विषय निघाला की निम्मे लोक चहा पिऊन उठतात, असा अनुभव मुख्याध्यापकही सांगतात.

सप्ताहाला लाज वाटत नाही

गंमत अशी, की हीच मंडळी हरिनाम सप्ताहाची वर्गणी बिनधास्त मागतात. घरटी रक्कम ठरते, घरटी भाकरी ठरते, तरणी पोरे पावतीपुस्तक घेऊन निघतात, आणि ज्याच्या दारात ती जात नाहीत तोच रुसून बसतो. मंदिराचा कळस असो की जत्रेतल्या कुस्त्या, मागायला कोणाची जीभ अडखळत नाही.

असे का व्हावे? आम्हाला वाटते, यात देवाइतकाच भाग रीतीचा आहे. सप्ताहाला कशासाठी मागतो हे सर्वांना ठाऊक असते. किती मागायचे ते ठरलेले असते. मागणारा स्वतः आधी दिलेला असतो. दोघे-तिघे मिळून जातात, म्हणून एकट्याच्या तोंडाला काळे लागत नाही. आणि काल्याच्या दिवशी दिलेला पैसा पंगतीत डोळ्यांसमोर दिसतो. शाळेच्या वर्गणीत यातले काहीच नसते. रक्कम मोघम, काम मोघम, मागणारा एकटा, आणि हिशोब कपाटात. मग माणूस ओशाळतो, यात नवल नाही. रीत बसवली तर ही लाज आपोआप जाते.

थांबायला वेळ नाही

सन २०२३ मध्ये राज्य शासनाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागविले होते. वस्ती-वाडीवरच्या पालकांच्या पोटात तेव्हा गोळा आला. शाळा मोडकी दिसली, की ज्याला परवडते तो मुलाला गाडीत बसवून शहराकडे धाडतो. मागे राहतात ती मजुरांची आणि लहान शेतकऱ्यांची मुले. पट आणखी घसरतो. पाणी नाही म्हणून मोठ्या मुली घरी बसतात, त्या बहुधा कायमच्याच. लाजेपोटी न मागितलेल्या वर्गणीची किंमत शेवटी अशी ही मुले मोजतात.

उलट बाजूही पाहा. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पटाअभावी बंद पडायच्या बेतात होती. गुरुजी, पालक आणि गावकरी यांनी ती मिळून सावरली. सन २०२५ मध्ये 'जगातील सर्वोत्तम शाळा' या पुरस्कारांत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार या शाळेला मिळाला.

दारोदार फिरलेली थोर माणसे

मागणे म्हणजे भीक, असे ज्यांना वाटते त्यांनी कर्मवीर भाऊराव पाटलांचे स्मरण करावे. सन १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. गरीब घरांतून रोख पैसा निघणार नाही हे अण्णांनी ओळखले होते, म्हणून मुष्टिफंड निघाला. घरच्या बाईने दळणाच्या किंवा स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूला ठेवायचे, आणि ते साठलेले धान्य वसतिगृहाच्या मुलांसाठी गोळा व्हायचे. एका मुठीने कोणाचे घर बुडत नाही, पण शाळा आपली आहे ही भावना त्या मुठीबरोबर रोज चुलीपर्यंत पोचते. आणि वसतिगृहात खायला दाणा उरला नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. आधी घरचे दिले होते, म्हणून दुसऱ्याच्या दारात उभे राहताना त्यांना खाली मान घालावी लागली नाही.

आपल्या शहरात निजामी राजवटीत, उर्दूचा अंमल असताना, १९१५ साली सुरू झालेली सरस्वती भुवन संस्था लोकाश्रयावरच वाढली. आणि आपली साखर कारखानदारी तरी कशी उभी राहिली? लोणीला विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, शेतकऱ्यांपुढे भागभांडवलासाठी पदर पसरला, तेव्हा १९५०-५१ च्या हंगामात प्रवरा कारखान्याचे धुराडे पेटले. त्या वेळी 'मागायचं कुणी' म्हणून सगळे गप्प बसले असते, तर आज आपल्या हातात शेअरचा दाखला नसता.

रीत कशी बसवावी

पहिली गोष्ट, काम एकच आणि नेमके धरा. 'शाळेच्या विकासासाठी' असे म्हणू नका. समजा, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आणायचे आहे. टाकी, पाइप, मोटार, प्लंबरची मजुरी, असा अंदाज कागदावर मांडा. समजा, ४८,००० रुपये लागतात आणि शाळेत ६० घरांची मुले आहेत. घरटी सरासरी ८०० रुपये आले. आकडा असा फोडून सांगितला की डोंगर उतरतो.

दुसरी, मागणाऱ्यांनी आपले नाव आधी लिहावे. वहीचे पहिले पान कोरे घेऊन कोणाच्या दारात जाऊ नये.

तिसरी, मोबाईलवर निरोप टाकून मोकळे होऊ नका. तो निरोप सर्वांना जातो, म्हणून कोणालाच लागत नाही. दोघांनी मिळून घरी जावे, त्यात एक भगिनी असावी. शाळेची खरी अडचण आईला जास्त ठाऊक असते.

चौथी, बोलणे सरळ असावे. "काका, शाळेत पोरींसाठी पाणी नाही. टाकी-पाइपाला इतके लागतात. आम्ही आमचे दिलेत. तुम्हाला काय जमंल? नाही जमलं तरी मनात काही आणू नका." एवढे बोलून गप्प बसावे. पुष्कळ लोक ही शांतता सहन न होऊन स्वतःच पुढे बोलतात, आणि "बरं बरं, राहू द्या" म्हणून उठतात. समोरच्याला विचार करायला वेळ द्या. एका सभासदाने असेच दोन मिनिटे डोके खाजवून सांगितले, "देतो, पण टाकी माझ्यासमोर बसवा." ही अट रास्त आहे, ती आनंदाने मान्य करावी.

पाचवी, पैशाशिवायचे देणेही वहीत तितक्याच मानाने लिहावे. कोणाकडे ठिबक काढल्यावर उरलेला पाइप असतो, कोणाचा ट्रॅक्टर असतो, कोणी एक दिवस चर खणू शकतो. मजुरी करणाऱ्या बापाने खणलेला चर आणि बागायतदाराची नोट एकाच पानावर यावी.

सहावी, वेळ पाहून जावे. जूनमध्ये बी-खताच्या ओढीत कोणाकडेही जाऊ नका. उसाचा पहिला हप्ता खात्यावर पडल्यावर जा. कोरडवाहूवाल्याकडे सोयाबीन-कापूस विकल्यावर जा.

सातवी आणि सर्वांत मोठी, हिशोब. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. वर्गणी कोणाच्या खिशात न ठेवता समितीच्या बँक खात्यात भरावी, प्रत्येकाला पावती द्यावी, आणि काम झाल्यावर जमा-खर्च शाळेच्या फळ्यावर लिहावा. आपण कारखान्याच्या वार्षिक सभेत ताळेबंद मागतोच ना? मग इथे देताना का कचरावे? मागचा हिशोब राहिला असेल तर तो आधी द्यावा, नवी वही नंतर काढावी.

दोन पथ्ये

'सरकार बघंल' म्हणणाऱ्याचे अर्धे बरोबर आहे. शाळा चालविणे हे शासनाचे कामच आहे. म्हणून समितीने आधी हक्काचे मागावे. शाळेला येणारे अनुदान आणि ग्रामपंचायतीकडील वित्त आयोगाचा निधी यांचा ठराव करून पाठपुरावा करावा. जे त्यात बसत नाही किंवा ज्याला वर्ष-दोन वर्षे लागतील, त्यासाठीच पालकांची वर्गणी असावी.

दुसरे पथ्य मुलांविषयी. वर्गणी ऐच्छिकच असली पाहिजे. प्रवेशासाठी देणगी घेणे तर कायद्याने बंदच आहे. ज्यांनी दिले त्यांची यादी जरूर लावा, पण ज्यांनी दिले नाही त्यांची चर्चा चावडीवर नको. वर्गात तर हा विषय निघताच कामा नये. बापाने आठशे रुपये दिले नाहीत म्हणून पोराची मान खाली गेली, तर ती टाकी न बसलेली बरी. एखाद्याने नाही म्हटले तर राम राम करून पुढच्या घरी जावे. त्याची अडचण त्याला ठाऊक, आणि पुढच्या वर्षी कदाचित तोच पहिले नाव लिहील.

पाइपलाइनचा किंवा टाकीचा अंदाज काढून हवा असेल, तर आमच्या गट कार्यालयात सांगावे. प्लॉट पाहणीला येऊ तेव्हा टेप लावून माप घेऊन देऊ. तेवढे काम आमच्याकडे लागले.

यंदाचा पहिला हप्ता खात्यावर जमा झाला, की त्याच आठवड्यात पालकांची एक बैठक बोलवा. एक काम ठरवा, आणि घरी परतण्यापूर्वी वहीत पाच नावे लिहून घ्या. सहाव्या घरी जाताना पाय अडखळणार नाहीत.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी