विसरला हो आईला!

दसरा सरला की आपल्या आष्टी तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. प्रश्न उरतो लेकराचा. फडावर न्यावे तर खोपीतल्या थंडीत त्याचे हाल. आजीजवळ ठेवावे तर चार-पाच महिन्यांची ताटातूट. चैत्राच्या सुमारास आई परतते, तेव्हा दोन वर्षांचे पोर धावत न येता आजीच्या पदराआड लपते. आपण हसून म्हणतो, “विसरला हो आईला!”

ते खरोखर विसरलेले असते काय? जॉन बोल्बी या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी याच विषयावर अहवाल लिहिला. आईचा, किंवा तिच्या जागी असलेल्या माणसाचा, अखंड व प्रेमळ सहवास मुलाच्या मनाला अन्नाइतकाच लागतो, असा त्याचा सारांश. त्याचा सहकारी जेम्स रॉबर्टसन याने १९५२ साली इस्पितळात एकटे राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. ताटातुटीत मूल आधी आकांत करते, मग खचते, शेवटी अलिप्त होते, असे या दोघांना आढळले. या शेवटच्या पायरीलाच आपण ‘रुळला’ म्हणतो!

म्हणजे पदराआडचे पोर विसरलेले नसते. त्याने दुखरी जागा झाकलेली असते. पुढे मोठेपणी कुणावर विसंबवत नाही, जवळचे माणूस जराही दूर गेले की जीव घाबरा होतो, याचे मूळ कधी कधी तेथे सापडते.

यात आईला दोष देणे अन्यायाचे होईल. ती हौसेने जात नाही. शिवाय आजीसारखे एक जरी माणूस कायमचे जवळ असले, तरी मूल पुष्कळ सावरते.

आणि जखम राहिलीच, तर उपचार आहे. समुपदेशक ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी भेटतो, न हसता, न रागावता ऐकतो. लहान मुलांशी खेळातून बोलतो. भरवसा ठेवता येतो, हे मन अशा अनुभवातूनच हळूहळू शिकते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेत १९९० पासून हे कार्य चालू आहे. कड्यासारख्या गावासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, तेथे मराठीत बोलता येते.

तोवर घरी एवढे करू या. निघताना मूल झोपले असता गुपचूप जाऊ नये. सांगून, कुशीत घेऊन निघावे. परतल्यावर ते जवळ आले नाही, तर ओढू नये, रुसू नये. शेजारी बसून राहावे. ते येईल.